हिशेबाचा वेग आणि हिशेबाची जबाबदारी



ग्राफिक्स प्रोसेसर, मुक्त स्रोत आणि वित्तगणित ही तीन नावे पत्रिकेत एका ओळीत वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु विषय नावाइतका दुर्बोध नाही. बँका आणि विमा कंपन्या जी जोखीम पत्करतात तिचा हिशेब कसा करावयाचा, आणि तो तपासावयाचा कोणी, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम ऑप्शन म्हणजे काय ते पाहू. सहा महिन्यांनी अमुक शेअर शंभर रुपयांना घेण्याचा हक्क आम्ही आज विकत घेतला. त्या दिवशी भाव एकशेवीस असला तर वीस रुपये पदरात पडले. नव्वद असला तर हक्क सोडून द्यावयाचा. मग या हक्काची आजची किंमत किती? १९७३ साली फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांच्या लेखांनी अशा साध्या करारासाठी सूत्र दिले. पण कराराला अटी वाढल्या, दहा शेअर एकत्र गुंफले, की सूत्र हात टेकते. मग मोंटे कार्लो पद्धत कामाला येते. फेलिम बॉयल यांनी १९७७ साली ती ऑप्शनला लावून दाखविली. भाव कसकसा चालू शकेल याच्या हजारो काल्पनिक वाटा यंत्राने काढावयाच्या, प्रत्येक वाटेच्या शेवटी मिळणारी रक्कम आजच्या मोलात आणावयाची, आणि सर्वांची सरासरी घ्यावयाची.

युक्ती सोपी, पण खर्चिक आहे. नमुन्यामुळे येणारी चूक निम्मी करावयाची तर वाटा चौपट लागतात. उत्तरात आणखी एक अंक भरवशाचा हवा असेल तर शंभरपट! आणि बँकेजवळ असे करार एक-दोन नसतात, हजारो असतात.

येथे ग्राफिक्स प्रोसेसर मदतीला येतो. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचे रंग एकदम ठरविण्यासाठी तो जन्मला. २००७ साली एनव्हिडिया कंपनीने ‘कुडा’ ही साधने उपलब्ध केली आणि त्याच्याकडून सर्वसाधारण गणित करून घेणे पुष्कळ सुलभ झाले. नेहमीचा प्रोसेसर म्हणजे थोडे पण हुशार कारकून. हा म्हणजे मोठे लेझीमपथक. त्यात बत्तीस-बत्तीस जणांच्या तुकड्या असतात, आणि तुकडीतील सर्वांनी एकाच ठेक्यावर एकच पाऊल टाकावयाचे असते. काहींना डावीकडे आणि काहींना उजवीकडे वळावयाचे असेल, तर एकांचे होईपर्यंत दुसऱ्यांनी थांबावयाचे. काल्पनिक वाटा एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून हे पथक त्यांवर चांगले चालते.

मग अडते कोठे? ‘क्वांटलिब’ हे या क्षेत्रातील मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००० सालापासून सी++ भाषेत वाढत आले आहे. त्याची आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. त्यात करार वेगळा, बाजारभाव वेगळा, किंमत काढणारे इंजिन वेगळे. भाव बदलला की त्यावर अवलंबून असणाऱ्या सर्वांना वर्दी जाते. माणसाला समजावयास ही मांडणी उत्तम. पण आकडे स्मृतीत विखुरलेले, आणि पावलोपावली ‘पुढे कोणास विचारू?’ हा प्रश्न. लेझीमपथकाला हे मानवत नाही. म्हणून वाटा चालण्याचा भाग वेगळा काढून, आकडे सरळ रांगेत लावून, नव्याने लिहावा लागतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा येथे विसरून चालत नाही: कामाचा नऊ-दशांश भाग वाटून देता आला आणि उरलेला एक-दशांश एकट्यानेच करावा लागला, तर पथक कितीही मोठे आणा, एकंदर वेग दहापटींच्या पलीकडे जाणार नाही.

आणखी एक मौज आहे. यंत्र अपूर्णांक ठराविक अंकांपर्यंतच ठेवते. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक किंचित बदलतात. हा फरक निरुपद्रवी, की आज्ञावलीतच चूक? जुनी संथ आज्ञावली आणि नवी वेगवान, दोन्ही उघड असतील तर दोघींना तेच करार देऊन ताडून पाहता येते. बंद पेटीतून उत्तर आले तर विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. मुक्त स्रोताचे मोल आम्ही फुकटेपणात मानीत नाही. ते या पडताळ्यात आहे.

तरी वेगाने भुलून जाऊ नये. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीची कित्येक वर्षे अमेरिकेतील गृहकर्जांच्या रोख्यांचे हिशेब, घरांचे भाव देशभर एकदम कोसळणार नाहीत, अशा समजुतीवर उभे होते. ते हिशेब शतपट वेगाने केले असते तर काय झाले असते? तेच चुकीचे उत्तर, आणखी एका अंकापर्यंत बिनचूक! वाटा वाढविल्याने नमुन्याची चूक घटते; गृहीतकाची चूक जागची हालत नाही.

मग वेगाचा उपयोग कशासाठी? आमच्या मते, तोच प्रश्न उलटसुलट विचारण्यासाठी. भाव सर्वत्र एकदम पडले तर? व्याजदर दुप्पट झाला तर? रात्रभर चालणारे गणित काही मिनिटांत आटोपले, तर उरलेला वेळ अशा शंकांना देता येतो. यंत्र हिशेब करील; शंका काढणे मात्र माणसाचे काम आहे, आणि शंका काढावयाची तर वही उघडी पाहिजे.