किमतीपुढचा ‘फक्त’



पावतीवर रक्कम अक्षरी लिहिताना शेवटी आपण ‘फक्त’ लिहितो. पाचशेपुढे नंतर कुणी काही जोडू नये, एवढ्याचसाठी. कंटेनर चालवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हा ‘फक्त’ वारंवार राहून जातो. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मला त्यासाठीच वापरायचा आहे.

मार्च २०२२ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या संशोधकांनी सीआरआय-ओ या कंटेनर रनटाइममधली एक त्रुटी उघड केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२२-०८११. कुबरनेटीसमध्ये पॉड तयार करणाऱ्याला कर्नलची काही निवडक, सुरक्षित ठरवलेली सेटिंग्ज बदलता येतात. तपासलं जात होतं ते सेटिंगचं नाव. त्याला दिलेल्या किमतीत काय लिहिलंय, हे कुणी पाहत नव्हतं. सीआरआय-ओ ही सेटिंग्ज पिन्स नावाच्या एका छोट्या प्रोग्रामकडे सोपवायचं, आणि सोपवताना ती सगळी एकाच ओळीत, मध्ये अधिकचं चिन्ह घालून, गुंफायचं. आता हल्लेखोराने किंमत म्हणून ‘१’ लिहिलं, त्याला लागून अधिकचं चिन्ह आणि पुढे भलत्याच सेटिंगचं नाव. पिन्सला ती दोन सेटिंग्ज दिसायची. तो दोन्ही लागू करायचा.

ते दुसरं सेटिंग म्हणजे कोअर पॅटर्न. एखादी प्रोसेस कोसळली की तिचा डंप कुठे जावा, हे त्यात लिहिलेलं असतं. पण तिथे पाइपचं चिन्ह देऊन प्रोग्रामचा पत्ता लिहिला, तर कर्नल तो प्रोग्राम रूट म्हणून चालवतो. शिवाय हे सेटिंग कंटेनरगणिक वेगळं नसतं, अख्ख्या मशीनला एकच. मग आपल्याच कंटेनरमधली एखादी प्रोसेस पाडली की होस्ट हाती आला. एका चिन्हाने एवढं केलं! ही त्रुटी मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा माझ्या टीमचा सगळा जुना कोड उघडून बसलो होतो.

मार्च २०२५ मध्ये कुबरनेटीस क्लस्टरमध्ये बाहेरच्या वेब-विनंत्या आत वळवणाऱ्या इन्ग्रेस-एनजिनएक्समध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलेल्या त्रुटींची जात हीच. तिथे तर वापरकर्त्याने दिलेला मजकूर घालून कॉन्फिगरेशन बनायचं आणि ते बरोबर आहे का, हे एनजिनएक्स हा वेब सर्व्हरच चालवून तपासलं जायचं. हल्ला त्या तपासणीतच घडायचा. दुरुस्तीत ती तपासणी काढून टाकावी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा प्रकल्प मार्च २०२६ नंतर थांबवत असल्याचं जाहीर झालं. जगभरची क्लस्टर्स ज्याच्यावर उभी होती, त्याची देखभाल बरीच वर्षं एक-दोन माणसं स्वतःच्या वेळात करत होती. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे, आणि त्यांना आपण एकटं सोडलं याची खंतही.

‘इनपुट स्वच्छ करा’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आज अधिकचं चिन्ह अडवाल, उद्या नवी ओळ किंवा अर्धविराम येईल. मुळात किमती चिकटवून मजकूर बनवायचा आणि तो पुन्हा दुसऱ्याने फोडायचा, ही रीतच सोडायला हवी. किंमत किंमत म्हणूनच, वेगळ्या खणात, पुढे जावी. जिथे समोरच्या प्रोग्रामला मजकूरच लागतो, तिथे त्याच्या व्याकरणानुसार लिहिणारी लायब्ररी वापरावी आणि परवानगी देताना नावासोबत किंमतही तपासावी.

उद्या सकाळच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या कामातलं, किमती घालून मजकूर बनवणारं एक टेम्प्लेट घेऊन यावं, अशी माझी विनंती आहे. शेजारी बसलेल्याला ते द्या आणि एखाद्या किमतीत नवी ओळ घुसवून दाखवायला सांगा. मी माझं आणतो आहे.