टॉरिन पचवतं कोण?

सिन्नरला मुसळगाव नाहीतर माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, रात्रपाळीच्या वेळी टपरीवर उभं राहिलात, तर चहाच्या ग्लासांशेजारी एनर्जी ड्रिंकचे डबेही दिसतील. त्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, टॉरिन. हे बैलापासून काढतात, अशी एक वदंता आहे. १८२७ साली टीडमान आणि ग्मेलिन यांना ते बैलाच्या पित्तात सापडलं, एवढं खरं. डब्यातलं टॉरिन मात्र रासायनिक पद्धतीनं तयार होतं, तेव्हा माळकऱ्यांनी बिनघोर असावं.

आपलं यकृतही टॉरिन बनवतं आणि पित्ताम्लांना जोडून आतड्यात सोडतं. त्यानं तुपातेलाचं पचन सोपं होतं. पण टॉरिन मोडून त्यातून ऊर्जा काढणं आपल्या शरीराला जमत नाही. त्यासाठी लागतं एक विकर, अमिनोट्रान्स्फरेज.

या घराण्यातलं एक नाव तुमच्या ओळखीचं आहे. कावीळ झाली की रक्ताच्या रिपोर्टवर एसजीपीटीचा आकडा येतो ना, तेच. ॲलॅनिनचा अमिनो गट काढायचा आणि दुसऱ्या रेणूला द्यायचा, हे त्याचं काम. मधल्या क्षणी तो गट धरून ठेवतो ब६ जीवनसत्त्वाचा एक अवतार. यकृताच्या पेशींना इजा झाली, की हे विकर रक्तात झिरपतं आणि आकडा चढतो. अमिनो गटाची ही अदलाबदल १९३७ साली मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रिट्समन यांनी उलगडली.

टॉरिनवर हेच काम करणारं विकर असतं आतड्यातल्या बिलोफिला नावाच्या जिवाणूकडे. त्याला ऑक्सिजन सोसत नाही, पित्त मात्र मानवतं. पित्ताम्लांपासून सुटलेलं टॉरिन तो उचलतो. त्याचा अमिनो गट पायरुव्हेटला देतो, ॲलॅनिन तयार होतं. उरलेल्या भागात गंधक असतं. पुढच्या दोन-तीन पायऱ्यांत त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. २०१२ साली उंदरांना दुधाच्या स्निग्धांशाचा खुराक दिला, तेव्हा बिलोफिला फोफावला आणि ज्या उंदरांत आतड्याच्या दाहाची उपजत प्रवृत्ती होती, त्यांचं दुखणं वाढलं. उंदरांवरून माणसाचा निकाल लावायची घाई नको, आणि घरचं तूपही लगेच बंद करू नका.

मग रात्रपाळीत डोळे उघडे ठेवतं कोण? त्याच डब्यातलं कॅफीन. जास्तीचं टॉरिन बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. कॅफीन चहातही असतं, आणि कटिंग डब्यापेक्षा स्वस्त पडतो.