दोन किलोबाइटांचा तराफा



संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु आजचे बहुसंख्य संगणक दृष्टीस पडतच नाहीत. विजेच्या मीटरमध्ये, रस्त्यावरील दिव्यात, जमिनीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्रात ते मूकपणे काम करीत असतात. त्यांतील अनेकांना एका बॅटरीवर वर्षानुवर्षे काढून जाळ्याशी संपर्कही राखावा लागतो. अशा यंत्रांचा कारभार कोण पाहतो?

२००३ साली स्वीडनमधील ॲडम डंकेल्स यांनी ‘कॉन्टिकी’ ही ऑपरेटिंग सिस्टीम प्रसिद्ध केली. नाव थॉर हेयरदाल यांच्या तराफ्याचे. १९४७ मध्ये या नॉर्वेजियन साहसवीराने बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरू ते पॉलिनेशिया हा प्रवास १०१ दिवसांत केला. साधन तुटपुंजे, पल्ला अफाट! कॉन्टिकीचेही तसेच. साधारण २ किलोबाइट तात्पुरती आणि ४० किलोबाइट कायमस्वरूपी स्मृती एवढ्यावर तिचे भागते.

हे साधते ते अंथरूण पाहून पाय पसरल्यामुळे. एरवी संगणकातील प्रत्येक कामाला स्मृतीचा स्वतंत्र तुकडा राखून ठेवावा लागतो. डंकेल्स यांच्या पद्धतीत सर्व कामे एकच जागा आळीपाळीने वापरतात आणि आपण कोठे थांबलो याची खूण ठेवण्यास प्रत्येकाला दोनच बाइट पुरतात. विजेचा मोठा खर्च रेडिओचा. संदेशाची नुसती वाट पाहण्यातही वीज जळते. म्हणून कॉन्टिकीतील यंत्रे क्षणभर जागी होऊन कानोसा घेतात आणि पुन्हा झोपी जातात. सुमारे ९९ टक्के वेळ रेडिओ बंद ठेवूनही संपर्क टिकतो.

या प्रणालीची आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी, आपल्या उत्पादनात वापरावी. २०१३ मध्ये पुढे आलेली ‘रायट’ ही जर्मन आणि फ्रेंच संशोधकांच्या सहकार्यातून घडलेली प्रणालीही अशीच मुक्तस्रोत आहे. ज्ञान वाटल्याने वाढते, याची ही साक्ष होय.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डंकेल्स यांचीच ‘यूआयपी’ ही जाळ्याशी जोडणारी छोटी आज्ञावली असंख्य उत्पादकांनी उचलली. डिसेंबर २०२० मध्ये फोरस्काउट या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी तिच्यासह चार मुक्त आज्ञावल्यांतील ३३ दोष उघड केले. दीडशेहून अधिक उत्पादकांची यंत्रे त्यांच्या छायेत असल्याचा अंदाज होता. आपल्या यंत्रात नेमके काय आहे, याचा ग्राहकाला पत्ता नसतो. भिंतीत बसविलेल्या कित्येक यंत्रांत दुरुस्ती पोहोचविण्याची सोयही नसते.

दोष बंदिस्त आज्ञावलीतही असतात. खुल्या आज्ञावलीत ते कोणालाही शोधता येतात, हे तिचे बळ. पण गावच्या विहिरीवर पाणी भरणारे पुष्कळ, गाळ उपसणारे थोडे. २०१७ पासून ‘कॉन्टिकी-एनजी’ या नावाने काही अभ्यासक तो गाळ उपसत आहेत. मात्र उत्पादकाने नवी आज्ञावली स्वीकारून ती यंत्रापर्यंत नेली नाही, तर त्यांचे श्रम यंत्राच्या दारातच थबकतात.

म्हणून हजारोंनी मीटर आणि दिवे खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : आत कोणती आज्ञावली आहे? दोष आढळल्यास दुरुस्ती कोण करणार? आणि किती वर्षे? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही होता कामा नये.