रुग्णालयाचा भार आणि गावची विहीर



अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय काय, किंवा अमरावतीचे इर्विन काय, वऱ्हाडातील सामान्य माणसाचा हा शेवटचा आधार. तेथील गर्दी पाहून डॉक्टर कमी, खाटा कमी असे म्हटले जाते आणि ते खोटेही नाही. अकोल्यास 2002 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, अमरावतीस ते 2024 साली सुरू झाले. परंतु केवळ खाटा वाढवून ही गर्दी ओसरेल, हा समज तपासून पाहिला पाहिजे.

डायलिसिसचे उदाहरण घ्या. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. एक यंत्र रोज तीन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस चालले तरी 18 खेपा होतात. म्हणजे आठवड्यास तीन खेपा लागणारे अवघे 6 रुग्ण. सातवा आला की नवे यंत्र हवे. प्रत्यारोपण झाले नाही, तर हा उपचार जन्माचा. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिने अनेक गरीब घरांवरचे कर्ज टाळले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण तो पैसा शेवटी समाजाचाच.

आता पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहू. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतील 894 गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. विहिरीचे पाणी क्षारांनी जड. टँकर आला नाही की तेच प्यायचे. मूत्रपिंडाच्या विकारांची ओरड या गावांतून वर्षानुवर्षे आहे. वान धरणाचे गोडे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडे नेणारी 84 खेडी योजना म्हणूनच आरोग्याचीही योजना ठरते.

अर्थात सारा दोष पाण्यावर ढकलणे सोपे. मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणे, आणि दोन्ही दीर्घकाळ मुकाट असतात. त्यांची तपासणी उपकेंद्रात होते. त्यासाठी अकोल्याची एसटी धरावी लागत नाही. अंगदुखीवर दुकानातून गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे हेही मूत्रपिंडांना घातकच. फुकटची तपासणी टाळायची आणि महागडा उपचार मात्र हक्काने मागायचा, हे सुशिक्षित घरांतही दिसते.

तिशीवरील किती जणांचा रक्तदाब यंदा मोजला गेला, आशाताईंच्या यादीतून कोण सुटले, पाण्याचा नमुना शेवटी केव्हा तपासला, हे प्रश्न कार्यकर्त्याने येत्या ग्रामसभेत विचारावेत. उत्तर आले नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावेत.