मृतांसाठी आखलेलं रिंगण



दगडांच्या वर्तुळाचा विषय निघाला की आपल्याला आधी इंग्लंडचं स्टोनहेंज आठवतं. ब्रिटनमधले नवाश्मयुगीन लोक जमिनीत गोल खंदक खणत आणि निघालेल्या मातीचा बांध घालत. अशा रचनेला हेंज म्हणतात. गंमत अशी, की बहुतेक हेंजांमध्ये खंदक आत आणि बांध बाहेर असतो. शत्रूला अडवायचं तर खंदक बाहेर हवा. म्हणजे ही तटबंदी नाही. आतली जागा रोजच्या व्यवहारापासून वेगळी काढण्यासाठी हे रिंगण आखलेलं आहे.

आता आपल्या विदर्भात या. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं नोंदलेली आहेत. ती स्टोनहेंजपेक्षा पुष्कळ अलीकडची, लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. मोठे धोंडे गोलाकार मांडायचे, आत मृताचे अवशेष, मडकी, लोखंडी हत्यारं ठेवायची आणि वर माती-गोट्यांची भर घालायची. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. जवळच्या माहुरझरीला तर घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या शिरोभूषणांसकट!

आपल्या उत्तर प्रदेशातही, चंदौली जिल्ह्यात, काकोरियाला अशी दफनं आहेत. लखनौजवळची काकोरी वेगळी बरं का!

हे धोंडे एकट्या घराने ओढले नसणार. चार घरं जमली असतील, कुणी दगड, कुणी माती वाहिली असेल. मला वाटतं, विधी त्या कष्टातच सुरू होत असे. माणूस गेल्यावर आपणही खांदा द्यायला जमतोच की.

त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यांची पोथी म्हणजे दगडांची जागा आणि मातीचे थर. इथे लखनौत १९४६ साली बीरबल साहनींनी स्थापन केलेल्या संस्थेत मातीतले परागकण तपासून जुन्या काळची झाडंझुडं, पिकं ओळखतात. पण जेसीबीने थर एकदा कालवले, की सूक्ष्मदर्शकही मुका होतो.

म्हणून सुट्टीत नागपूरला गेलात तर जुनापाणी जरूर बघा. मुलांना वर्तुळाभोवती एक फेरी मारू द्या. आणि तिथला एकही दगड हलवू नका, कुणी हलवताना दिसला तर टोका.