तिसरा हात
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"सध्या काय करतेस?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. नोकरी सॉफ्टवेअरचीच आहे. पण रविवारी मी सुतारकाम करते. हसू नका! कार्यानुभवाच्या तासाला मुलगे रंधा मारायचे आणि आम्ही मुली काजं-बटणं करायचो. माझं लक्ष मात्र सुतारकामाच्या खोलीकडे असायचं. ती हौस चाळिशीत भागवली.

सुरुवातीला घाई नडली. छोटा तुकडा डाव्या हाताने दाबून धरला आणि उजव्या हाताने इलेक्ट्रिक करवत चालवली. तुकडा सरकला, पातं उसळलं, अंगठ्याला चार टाके पडले. दोष करवतीचा नव्हता. क्लॅम्पचं काम मी हाताला सांगितलं होतं.

मग कामाचं टेबलच बनवलं. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवले, राउटरने खाचा पाडल्या आणि त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या टी-ट्रॅक पट्ट्या बसवल्या. या पट्टीला वर अरुंद फट आणि आत रुंद पोकळी असते. बोल्टचं डोकं आत सरकतं, पण फटीतून निसटत नाही. क्लॅम्प हवा तिथे न्यायचा, नॉब पिळायचा. लाकूड जागचं हलत नाही. एकसारखे तुकडे कापायच्या जिगमध्येही मी हीच पट्टी वापरते.

पहिल्यांदा पट्टीला आखूड स्क्रू लावले होते. नॉब जोरात आवळला आणि अख्खी पट्टी उपटून वर आली! तेव्हा विज्ञानाचे सर आठवले. न्यूटनचा तिसरा नियम त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिला होता! क्लॅम्प लाकडाला खाली दाबतो, तेव्हा पट्टीला वर ओढतो. आता लांब स्क्रू आहेत, आणि पट्टी टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली बसवली आहे, म्हणजे लाकूड तिच्यावर अडखळत नाही. सर, परीक्षेत तो नियम पाठ होता. समजला तो आत्ता.

तसंच एक टेबल शाळेसाठी करून आणलं आहे. बाहेर व्हरांड्यात ठेवलंय. विनंती एकच: त्यावर मुलींचाही तास लागू दे. आणि कुणीही, मुलगा असो वा मुलगी, आधी क्लॅम्प आवळल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही.