सायकलींचे शहर



१९७० साली नोकरीनिमित्त मी सदाशिव पेठ सोडली, तेव्हा पुणे हे सायकलींचे शहर म्हणविले जाई. कोथरूडच्या मित्राकडे मी रात्रीचे जेवण आटोपून सायकलने जाई. वाटेत शेते लागत. पुढे शहर पसरत गेले. २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली आणि क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांवर गेले. ते असो. परवा त्याच मित्राकडे निघालो, तो टिळक रस्ता ओलांडण्यातच दहा मिनिटे गेली. अखेर एका शाळकरी मुलीने हात धरला. "आजोबा, आता थांबू नका," म्हणत तिने पलीकडे नेले. मित्र म्हणाला, "तू आलास खरा, मी वर्षभरात पेठेत फिरकलो नाही." गृहस्थ तीन जिने रोज चढतो-उतरतो. रस्ता तेवढा त्याला ओलांडवत नाही.